वायुनौकेतील वायू आणि माणसाची सुरक्षितता

जत्रेतून किंवा फेस्ताहून घरी परतणाऱ्या मुलाच्या हातून फुग्याची दोरी सुटते. फुगा कौलांवरून, माडांच्या शेंड्यांवरून वर वर जातो आणि दिसेनासा होतो. बापाला गेलेल्या पैशांचे वाईट वाटते, मुलाला गेलेल्या फुग्याचे. त्या फुग्यात कोणता वायू होता, हा प्रश्न मात्र दोघांपैकी कोणालाच पडत नाही. तो हायड्रोजन असेल, तर पेटत्या काडीच्या स्पर्शाने फुगा भडकला असता; हीलियम असेल, तर नुसता फुटला असता. हातातल्या फुग्यापुरता हा फरक लहान वाटतो. परंतु दोन लक्ष घनमीटर वायू पोटात घेऊन, शंभराच्या आसपास माणसांसह महासागर ओलांडणारी वायुनौका डोळ्यांपुढे आणली, म्हणजे हाच फरक जीवनमरणाचा होतो.

हवेपेक्षा हलका वायू पदार्थाला वर का उचलतो, याचे उत्तर आर्किमिडीजच्या नियमात आहे. पाण्यात बुडविलेली वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा तिला वरच्या दिशेने रेटा मिळतो. हवेच्या बाबतीतही तेच घडते. शून्य अंश सेंटिग्रेड तपमानाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाखाली एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२९ किलोग्रॅम भरते. तेवढ्याच हायड्रोजनचे वजन ०.०९ किलोग्रॅम आणि हीलियमचे सुमारे ०.१८ किलोग्रॅम असते. म्हणजे एक घनमीटर हायड्रोजन सुमारे १.२० किलोग्रॅम वजन उचलू शकतो आणि हीलियम सुमारे १.११ किलोग्रॅम.

येथे एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. हीलियम हायड्रोजनच्या दुप्पट जड आहे. तेव्हा त्याची उचल निम्मी असावी, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः ती शंभरात सात-आठ भागांनीच कमी पडते. कारण उचल ठरते ती वायूच्या वजनावरून नव्हे, तर हवा व वायू यांच्या वजनांतील अंतरावरून. इटलीतील जेझुइट पंडित फ्रांचेस्को लाना दे तेर्झी यांनी तर १६७० साली वायूच नको, तांब्याच्या पातळ गोलांतील हवा काढून टाकून त्यांच्या बळावर नाव उडवावी, अशी कल्पना मांडली होती. बाहेरच्या हवेच्या दाबाखाली असे पातळ गोल चेपून गेले असते, हे उघड आहे. पण ते टिकले असते, तरी प्रत्येक घनमीटरमागे हायड्रोजनपेक्षा अवघा नव्वद ग्रॅमचा लाभ झाला असता. हायड्रोजन हा उचलीच्या बाबतीत पोकळीच्या इतका जवळ आहे.

हायड्रोजनचे गुणधर्म हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६६ मध्ये वर्णिले आणि त्याला ‘ज्वालाग्राही हवा’ असे नाव दिले. त्याचा गुण आणि त्याचा दोष यांची ओळख अशी एकाच वेळी झाली होती. पुढे सतरा वर्षांनी, १ डिसेंबर १७८३ रोजी, जाक शार्ल हे एका सोबत्यासह पॅरिसमधून हायड्रोजनच्या फुग्यातून आकाशात चढले. लोखंड आणि गंधकाम्ल यांच्या संयोगातून हा वायू तयार केलेला होता. शार्ल सुखरूप उतरले. परंतु दोनच वर्षांच्या आत पहिला मोठा धडा मिळाला. जगातील पहिला गगनप्रवासी म्हणून ज्याची कीर्ती झाली होती, त्या पिलात्र द रोझिए याने इंग्लंडची खाडी ओलांडण्यासाठी वर हायड्रोजनचा आणि खाली तापविलेल्या हवेचा असा जोडफुगा सिद्ध केला. १५ जून १७८५ रोजी तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर कोसळला आणि रोझिए व त्याचा सहकारी दोघेही ठार झाले. ज्वालाग्राही वायूच्या खाली विस्तव ठेवण्याचे धाडस माणसाने केले होते.

हायड्रोजनला दोष देताना त्याचा स्वभाव नीट समजून घेतला पाहिजे. शुद्ध हायड्रोजन एकटा जळू शकत नाही. त्याला हवेतील प्राणवायूची सोबत लागते. हवेत तो शंभरात चार भागांपासून पंचाहत्तर भागांपर्यंत कितीही मिसळलेला असला, तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते. इतका विस्तीर्ण पल्ला फार थोड्या वायूंना आहे. शिवाय त्याला पेटविण्यास अत्यंत सूक्ष्म ठिणगी पुरते. म्हणून वायुनौका चालविणाऱ्यांचे सारे कौशल्य एका गोष्टीवर एकवटलेले असे: वायू कोशाबाहेर झिरपू नये, झिरपल्यास साचू नये आणि साचल्यास तेथे ठिणगी पडू नये.

जर्मन तंत्रज्ञांनी हे कौशल्य आश्चर्यकारक उंचीला नेले होते. ‘ग्राफ झेपेलिन’ या त्यांच्या नामांकित वायुनौकेचे वायुकोश सुती कापडावर गुरांच्या आतड्यांचे पातळ पापुद्रे चिकटवून बनविलेले होते. कारण हायड्रोजनला अडवून धरणारे त्याहून हलके साधन तेव्हा हाताशी नव्हते. १९२८ ते १९३७ या काळात ही नौका दहा लक्ष मैलांहून अधिक प्रवास करून आली. १९२९ मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. या सर्व काळात तिच्या एकाही उतारूचा प्राण गेला नाही, आणि तरीही तिच्या पोटात हायड्रोजनच होता. दक्षता किती दूरवर पोहोचू शकते, याचे हे उदाहरण आहे. आणि दक्षतेवरच विसंबून राहण्याचा मोह कसा निर्माण होतो, याचेही.

आता दुसऱ्या वायूकडे वळू. हीलियमच्या जन्मकथेत आपल्या मुलखाचाही वाटा आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. ते पाहण्यासाठी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातील गुंटूर येथे आले होते, तर लेफ्टनंट हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात आपली दुर्बीण मांडली होती. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांत एक पिवळी रेषा होती. प्रथम ती सोडियमची समजली गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये ग्रहणाविनाच त्या ज्वालांचे निरीक्षण केले आणि ही रेषा सोडियमची नाही, असे दाखवून दिले. पृथ्वीवर अज्ञात असलेल्या या मूलद्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हीलियम हे नाव मिळाले. कोकणात विजयदुर्गच्या किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ लॉकियर यांच्या नावाशी जोडण्यात येतात. परंतु त्यांचे ते निरीक्षण इंग्लंडमधलेच आहे. या शोधाशी आपले नाते सांगावयाचे, तर ते गुंटूर आणि जमखंडीच्या आकाशाशी सांगावे.

सूर्यावर सापडलेला हा वायू पृथ्वीवर सापडण्यास १८९५ साल उजाडावे लागले. विल्यम रॅम्झी यांनी युरेनियमयुक्त खनिजातून तो वेगळा केला. युरेनियम व थोरियम यांच्या किरणोत्सर्गातून हा वायू खडकांच्या पोटात अत्यंत मंद गतीने तयार होत असतो आणि काही ठिकाणी नैसर्गिक इंधनवायूबरोबर अडकून पडतो. अमेरिकेत कॅन्सस संस्थानातील डेक्स्टर या गावी १९०३ मध्ये एका विहिरीतून वायूचा मोठा झोत निघाला. गावकऱ्यांनी समारंभपूर्वक त्याला पेटविण्याचा बेत केला. पण वायू पेटेना! दोन वर्षांनी तेथील विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांना त्या वायूत हीलियम आढळला. गावाची फजिती झाली, पण जगाला एक अमोल साठा मिळाला. हीलियम जळत नाही, कोणत्याही पदार्थाशी सहसा संयोग पावत नाही आणि उचल मात्र भरपूर देतो. वायुनौकेला आणखी काय हवे होते?

१ डिसेंबर १९२१ रोजी ‘सी-७’ ही अमेरिकन आरमाराची लहानशी वायुनौका हीलियम भरून व्हर्जिनियाहून वॉशिंग्टनला गेली. हीलियमवर उडालेली ही पहिलीच वायुनौका. पुढे तीन महिन्यांच्या आत, २१ फेब्रुवारी १९२२ रोजी, इटलीहून विकत घेतलेली ‘रोमा’ ही हायड्रोजनची वायुनौका व्हर्जिनियातच विजेच्या तारांवर कोसळली आणि पेटली. चौतीस माणसे मृत्युमुखी पडली. यानंतर अमेरिकेने आपल्या वायुनौकांसाठी हीलियमचा आग्रह धरला. परंतु साठा इतका तुटपुंजा होता, की १९२४ मध्ये जर्मनीहून ‘लॉस एंजेलिस’ ही नवी नौका आली, तेव्हा तिच्यात भरण्यासाठी ‘शेनँडोआ’ या जुन्या नौकेतील हीलियम काढून घ्यावा लागला. दोन नौका एका वेळी उडविण्याइतका हीलियम तेव्हा त्या श्रीमंत देशाजवळही नव्हता. पुढे १९२७ च्या कायद्याने हीलियमची निर्यात जवळजवळ बंदच करण्यात आली. सुरक्षित वायू एका राष्ट्राच्या कुलपात गेला.

इतर राष्ट्रांना हायड्रोजनवाचून गत्यंतर उरले नाही. इंग्लंडने साम्राज्याचे दूरदूरचे भाग जोडण्यासाठी ‘आर-१०१’ ही प्रचंड वायुनौका बांधली. तिला हिंदुस्थानात यावयाचे होते. त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या कराचीत तिच्यासाठी अजस्र निवारा उभारण्यात आला होता. ४ ऑक्टोबर १९३० रोजी सायंकाळी ती इंग्लंडमधून निघाली. पुरेशा चाचण्या झालेल्या नव्हत्या. हवा वादळी होती. पण इंग्लंडचे हवाई मंत्री लॉर्ड टॉमसन नौकेत होते आणि त्यांना ठरल्या दिवशी परत पोहोचावयाचे होते. मध्यरात्र उलटल्यावर फ्रान्समधील बोव्हे गावाजवळ नौकेचे नाक खाली झुकले, ती जमिनीला टेकली आणि लगेच पेटली. चौपन्नपैकी अठ्ठेचाळीस जण प्राणास मुकले. त्यांत मंत्रीही होते. चौकशीचे काम ज्यांच्याकडे सोपविले, ते सर जॉन सायमन; १९२८ साली हिंदुस्थानात ज्यांच्या कमिशनवर काळी निशाणे दाखवून बहिष्कार पडला, तेच हे सायमन. वादळी हवेत पुढच्या कोशांतील वायू निघून गेल्यामुळे नौका खाली आली, असा त्यांच्या चौकशीचा निष्कर्ष होता. टेकण्याचा आघात फार मोठा नव्हता. तो बहुतेकांनी सोसलाही असता. सोसवली नाही ती आग. कराचीतील निवारा त्या नौकेची वाट पाहत रिकामाच राहिला.

या अपघातापासून जर्मनांनी बोध घेतला. त्यांनी आपली नवी वायुनौका ‘हिंडेनबुर्ग’ हीलियमसाठी आखली. सुमारे २४५ मीटर लांबीची, दोन लक्ष घनमीटर वायू मावणारी ही नौका १९३६ मध्ये उडू लागली. पण अमेरिकेचा कायदा आड आल्याने तिच्यात हायड्रोजनच भरावा लागला. हिशेब करून पाहिला, तर एवढ्या आकारमानात हायड्रोजन हीलियमपेक्षा सुमारे अठरा टन अधिक वजन उचलतो. ही जास्तीची उचल व्यापाऱ्याच्या नजरेने पाहता लाभदायकच होती. पहिल्या मोसमानंतर उतारूंसाठी आणखी खोल्या बसविण्यात आल्या. दक्षतेत मात्र उणीव नव्हती. धूम्रपानाच्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक ठेवलेला असे, म्हणजे झिरपलेला हायड्रोजन आत शिरू नये. आणि सिगारेट पेटविण्याचे यंत्र सबंध नौकेत तेथे एकच होते.

६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे हिंडेनबुर्ग उतरत होती. दुपारी गडगडाटी पाऊस होऊन गेला होता. दोर जमिनीवर सोडलेले होते. एवढ्यात शेपटाकडे ज्वाळा दिसली आणि सुमारे अर्ध्या मिनिटात ती महाकाय नौका जळत जमिनीवर आली. नौकेतील सत्त्याण्णव जणांपैकी पस्तीस आणि जमिनीवरील एक अशा छत्तीस माणसांचा बळी गेला. कोठून तरी झिरपलेला हायड्रोजन हवेत मिसळला आणि स्थितिक विजेच्या ठिणगीने पेटला, हाच या अपघाताचा सर्वांत संभाव्य उलगडा मानला जातो. बाहेरच्या आवरणाला लावलेला लेप आगीस कितपत कारणीभूत झाला, यावर पुढे पुष्कळ वाद झाले; परंतु पोटात हीलियम असता, तर आगीने ते रूप धारण केले नसते, यात शंका नाही.

या दुर्घटनेने अमेरिकेचे मन द्रवले. त्याच वर्षी कायदा बदलून हीलियम परदेशी विकण्याची वाट मोकळी करण्यात आली. जर्मनीत दुसरी नौका तयार होत होती. तिला हीलियम मिळेल, अशी आशा निर्माण झाली. इतक्यात मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. अमेरिकन मंत्री हॅरोल्ड इक्स यांनी हीलियम देण्यास ठाम नकार दिला. उद्या हाच वायू लढाईच्या कामी येणार नाही, याची हमी त्यांना कोणी द्यावी? एका बाजूने निरपराध उतारूंची सुरक्षितता होती, दुसऱ्या बाजूने युद्धखोर सत्तेचे भय. ती नवी नौका हायड्रोजनवर थोडीफार उडाली, पण उतारूंच्या नियमित सेवेत कधीच आली नाही. १९४० मध्ये तिचे तुकडे करण्यात आले.

येथवरची हकीकत ऐकून कोणी म्हणेल, की हीलियम मिळाला असता म्हणजे सारे प्रश्न सुटले असते. ज्यांना तो मिळाला, त्यांचा अनुभव तसे सांगत नाही. ३ सप्टेंबर १९२५ रोजी ‘शेनँडोआ’ ओहायो संस्थानावरील वादळात सापडून मोडली. त्रेचाळीसपैकी चौदा जण दगावले. आग लागली नाही, ही हीलियमची कृपा. तुटलेल्या नाकाडाचा भाग तर सात माणसांना घेऊन फुग्यासारखा तरंगत राहिला आणि त्यांनी तो सावकाश खाली उतरविला. तेथे हायड्रोजन असता, तर त्यांची काय गत झाली असती, याची कल्पना करवत नाही. परंतु याच नौकेवर महागडा हीलियम वाया जाऊ नये म्हणून वायू सोडण्याच्या काही झडपा काढून टाकलेल्या होत्या, आणि त्यावरून नंतर कडाक्याचा वाद माजला. जो वायू सुरक्षिततेसाठी आणला, त्याच्याच काटकसरीपायी सुरक्षिततेचे एक साधन कमी करण्याचा मोह माणसाला झाला होता.

त्याहून बोलका धडा ‘ॲक्रन’ आणि ‘मेकन’ या जुळ्या नौकांचा आहे. दोन्ही अमेरिकन आरमाराच्या, दोन्ही हीलियमच्या. ४ एप्रिल १९३३ रोजी वादळात ॲक्रन अटलांटिक महासागरात पडली. आग नाही, स्फोट नाही. तरीही शहात्तरपैकी त्र्याहत्तर माणसे गार पाण्यात बुडून गेली. कारण नौकेत तरंगण्याची जाकिटे नव्हती. पुढे १२ फेब्रुवारी १९३५ रोजी मेकन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ तशीच समुद्रात पडली. या वेळी जाकिटे होती आणि रबरी होड्या होत्या. केवळ दोघे दगावले. बाकीचे सर्व वाचले. दोन्ही नौकांतला वायू एकच होता. त्र्याहत्तर आणि दोन या आकड्यांमधील अंतर वायूने पाडलेले नाही. ते साध्या जाकिटाने आणि वेळीच शिकलेल्या धड्याने पाडले आहे.

आज उतारू नेणाऱ्या ज्या मोजक्या वायुनौका आहेत, त्या हीलियमवर चालतात. जर्मनीतील फ्रीड्रिक्सहाफेन या झेपेलिनच्या जुन्या गावी १९९७ मध्ये नव्या पिढीची वायुनौका उडाली, तिच्यातही हीलियमच आहे. परंतु हीलियमची मागणी आता वायुनौकांपुरती उरलेली नाही. रुग्णालयांतील एम.आर.आय. यंत्रांची चुंबके गार ठेवण्यासाठी उणे २६९ अंश तपमानाचा द्रव हीलियम लागतो. हवेत सुटलेला हीलियम हळूहळू पृथ्वीचा निरोप घेऊन अवकाशात निघून जातो, आणि खडकांच्या पोटात नवा तयार होण्यास युगे लागतात. म्हणून काही तंत्रज्ञ पुन्हा हायड्रोजनचा विचार करू लागले आहेत. जेथे माणूस आरूढ नाही, तेथे हायड्रोजन वापरण्यास हरकतही नसते. हवामान पाहण्यासाठी सोडलेले फुगे आणि हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडते ते शास्त्रीय फुगे हायड्रोजनच्याच बळावर वर जातात. तेथे जपावे लागते ते भरणाऱ्या माणसांना, आणि त्यांच्यासाठी कडक शिस्त पाळावी लागते.

ही शिस्त जेथे नाही, तेथे धोका आपल्या दाराशी आहे. जत्रेतील काही फुगेवाले जुन्या लोखंडी सिलिंडरमध्ये कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे घालून हायड्रोजन तयार करतात. गंजलेली टाकी, आत वाढणारा दाब, जवळच पेटलेली शेगडी आणि भोवती मुलांचा गराडा! पिलात्र द रोझिए याने जे केले, त्याहून हे फारसे निराळे नाही. आईबापांनी अशा टाकीपासून मुलांना दूर ठेवावे आणि हायड्रोजनचे फुगे दिवाणखान्यातील समईजवळ किंवा वाढदिवसाच्या मेणबत्त्यांजवळ बांधू नयेत. हीलियमही निर्धोक नाही. आवाज बदलण्याची गंमत म्हणून तो छातीत ओढून घेणाऱ्याला प्राणवायू मिळेनासा होतो आणि ती गंमत जिवावर बेतू शकते.

हायड्रोजन दुष्ट नाही आणि हीलियम पुण्यवान नाही. दोघेही आपापल्या धर्माप्रमाणे वागतात आणि तो धर्म शास्त्रज्ञांनी केव्हाच सांगून ठेवला आहे. बोव्हेच्या माळावर जे जळाले, ते घाईने निघाले होते. अटलांटिकमध्ये जे बुडाले, त्यांच्याजवळ जाकिटे नव्हती. लेकहर्स्टला जे गेले, त्यांना वाचवू शकणारा वायू जगात होता, पण त्यांच्या नौकेत नव्हता. वायू निवडण्याचे काम रसायनशास्त्र करील. त्या वायूच्या भरवशावर माणसे बसवायची की नाही, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते, आणि तो हिशेब उड्डाणाच्या आधी मांडावा लागतो.